हिमलोट

हिमलोट : पर्वताच्या उतारावर साठलेले हिम आपल्या आधारापासून सुटून गुरुत्वाकर्षणामुळे वेगाने खाली येण्याच्या क्रियेस, तसेच त्या खाली येणाऱ्या हिमराशीस हिमलोट म्हणतात. हिमप्रपात व हिमस्खलन ही त्याची पर्यायी नावे होत. वृत्तपत्रांतून ‘हिमकडा कोसळला’ असा शब्दप्रयोग पुष्कळदा आढळतो. परंतु बर्फाचा कडा तुटून पडणे हा हिमलोटाचा एक प्रकार असून तो तुलनेने विरळ आहे. बहुसंख्य हिमलोट कड्यांवरून नव्हे, तर घराच्या जिन्याइतका चढ असलेल्या, वरकरणी गुळगुळीत व शांत दिसणाऱ्या उघड्या उतारांवरून सुटतात.

वस्तीवर वा रस्त्यावर येणारे हिमलोट बहुधा आपोआप सुटलेले असतात. गिर्यारोहक, पदभ्रमण करणारे व स्कीपटू यांच्या बाबतीत मात्र स्थिती निराळी असते. त्यांच्या प्राणघातक अपघातांपैकी सु. ९० टक्के अपघातांत हिमलोटास चालना मिळते, ती बळी पडलेल्या व्यक्तीच्या किंवा तिच्या सोबत्यांच्या भारामुळेच. धोका वरून अकस्मात कोसळत नाही. तो पायाखालच्या हिमात आधीच साठलेला असतो आणि मनुष्याचे पाऊल त्यास केवळ निमित्त होते. म्हणूनच हिमप्रदेशातील संचारात हिमाची स्थिती ओळखणे व योग्य उतार निवडणे यांना शारीरिक क्षमता वा साहस यांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

हिमाच्छादनाची घडण : हिमाच्छादन हा एकजिनसी थर नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा, वाऱ्याच्या प्रत्येक झोताचा व प्रत्येक निरभ्र रात्रीचा ठसा त्यात थराच्या रूपाने उरतो. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता दर घ. मी.ला ५० ते १०० किग्रॅ. इतकी अल्प असते. वाऱ्याने वाहून आणून रचलेल्या हिमाची घनता २०० ते ४०० किग्रॅ. पर्यंत जाते. तुलनेसाठी शुद्ध बर्फाची घनता दर घ. मी.ला ९१७ किग्रॅ. असते.

जमिनीवर पडल्यानंतर हिमस्फटिकांचे रूपांतरण सुरू होते व ते कोणत्या दिशेने होईल, हे थराच्या वरच्या व खालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. हा फरक थोडा असल्यास स्फटिकांची टोके झिजून कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात व थर हळूहळू बळकट होतो. फरक मोठा असल्यास खालच्या उबदार हिमातील बाष्प वर सरकून वरच्या थंड कणांवर गोठते आणि कोनदार, पैलूदार, परस्परांना न चिकटणारे कण तयार होतात. जाड्या साखरेप्रमाणे हातातून निसटणाऱ्या अशा कणांच्या थरास अंतर्गत दहिवर म्हणतात. दर मीटर जाडीस सु. १०° से. ही या दोन प्रक्रियांमधील स्थूल सीमा मानली जाते.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. समजा, जमिनीलगत हिमाचे तापमान ०° से. व पृष्ठभागी –१५° से. आहे. हिमाची जाडी २ मी. असेल, तर तापमानातील बदल दर मीटरला ७·५° से. होईल व हिम बळकट होत जाईल. तीच जाडी अर्धा मीटर असेल, तर बदल दर मीटरला ३०° से. होईल व हिम दुर्बल होत जाईल. म्हणजे ज्या वर्षी आरंभी हिम कमी पडते व त्यानंतर दीर्घकाळ कडक थंडी राहते, त्या वर्षी तळाशी ठिसूळ थर तयार होतो व पुढे होणाऱ्या मोठ्या हिमवृष्टीचा सर्व भार त्याच्यावर येतो. थोडे हिम म्हणजे थोडा धोका, ही समजूत त्यामुळे फसवी ठरते.

दुसरा दुर्बल थर निरभ्र व निर्वात रात्री पृष्ठभागावर तयार होतो. हवेतील बाष्प थंड हिमपृष्ठावर गोठून पिसांसारखे नाजूक स्फटिक वाढतात. त्यांस पृष्ठीय दहिवर म्हणतात. सकाळच्या उन्हात चमकणारे हे स्फटिक नव्या हिमाखाली गाडले गेले की, कित्येक आठवडे तेथे निसरड्या थराच्या रूपाने टिकून राहतात. वरून पाहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागत नाही.

प्रकार : हिमलोटांचे पुढील प्रकार मानले जातात.

(१) सुट्या हिमाचा लोट : परस्परांना न चिकटलेले हिम एका बिंदूपासून सुटते व खाली जाताना पंख्यासारखे पसरत जाते. तीव्र उतारांवर नव्या हिमवृष्टीनंतर किंवा उन्हाने हिम भिजल्यावर असे लोट वारंवार येतात. बहुधा ते लहान असतात. तथापि गिर्यारोहकास कड्यावरून वा हिमभेगेत लोटून देण्यास ते पुरेसे ठरतात.

(२) पट्ट हिमलोट : एकसंध हिमाचा विस्तीर्ण पट्टा त्याखालील दुर्बल थरावरून एकदम सुटतो. त्याच्या माथ्याशी उताराला आडवी, कापल्यासारखी सरळ भिंत उरते. पर्वतसंचार करणाऱ्यांचे बहुसंख्य बळी हाच प्रकार घेतो. कारण तो सुटतो तेव्हा चालणारा पुष्कळदा पट्ट्याच्या मध्यावर असतो. ५० मी. लांब, ५० मी. रुंद व अर्धा मीटर जाड एवढा लहानसा पट्टा घेतला, तरी दर घ. मी.ला २०० किग्रॅ. घनतेने त्याचे वजन सु. २५० टन भरते.

(३) चूर्ण हिमलोट : मोठा कोरडा लोट वेग घेतो, तेव्हा हिमकण हवेत मिसळून त्यांचा ढग बनतो. त्याचा वेग ताशी २०० किमी.पेक्षाही अधिक होऊ शकतो. ढगापुढील वाऱ्याच्या दाबाने झाडे उन्मळून पडतात व इमारती कोसळतात.

(४) ओला हिमलोट : वितळलेले पाणी थरांत झिरपून त्यांचे बंध सैल झाले म्हणजे हा सुटतो. त्याचा वेग तुलनेने कमी, ताशी २० ते ६० किमी. असतो, परंतु वजन व दाब प्रचंड असतात. वसंत ऋतूत तो विशेषेकरून दुपारी येतो.

(५) बर्फाचा लोट : लोंबत्या हिमनदीचे टोक किंवा हिमनदीवरील बर्फाचा मनोरा तुटल्याने हा येतो. हिमनदीच्या सरकण्यामुळे तो कोणत्याही वेळी येऊ शकत असल्याने हवामानावरून त्याचा अंदाज करता येत नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या मार्गावरील खुंबू हिमप्रपातात अशा लोटाने १६ नेपाळी साहाय्यकांचा बळी घेतला. अशा जागी थांबण्याचा काळ कमीत कमी ठेवणे एवढाच उपाय उरतो.

कारणीभूत घटक : हिमलोट घडण्यास तीव्र उतार, एकसंध पट्टा, त्याखालील दुर्बल थर व चालना या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. त्यांवर पुढील घटकांचा प्रभाव पडतो.

उतार : पट्ट हिमलोट प्रामुख्याने ३०° ते ४५° उतारांवर सुटतात व त्यांतही ३५° ते ४०° यांमधील उतार सर्वाधिक धोक्याचे असतात. २५° पेक्षा कमी उतारावर कोरडा पट्टा सुटणे दुर्मिळ असते. ५५° ते ६०° पेक्षा तीव्र उतारावर हिम साठतच नाही. ते लहान लहान लोटांनी सतत गळत राहते. हिमाच्या थरांविषयी अनिश्चितता असली, तरी उताराचा कोन मोजता येतो, म्हणून धोका टाळण्याचे तेच सर्वांत भरवशाचे साधन होय. नकाशावरूनही तो काढता येतो. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशात लगतच्या समोच्च रेषांमधील उंचीचा फरक ४० मी. असल्यास ३०° उतारावर त्या रेषा परस्परांपासून सु. १·४ मिमी. व ४५° उतारावर ०·८ मिमी. अंतरावर दिसतात. मात्र समोच्च रेषांच्या मधली लहान, तीव्र घसरण नकाशात दिसत नाही. ती प्रत्यक्ष जागेवरच मोजावी लागते. तसेच मंद उतारावर उभा असलेला मनुष्यही त्याला जोडलेल्या वरच्या तीव्र उतारावरील लोट दुरून सोडवू शकतो. म्हणून केवळ पायाखालचा नव्हे, तर डोक्यावरचा उतारही पाहावा लागतो.

हिमवृष्टी : २४ तासांत ३० सेंमी. किंवा अधिक नवे हिम पडल्यास धोका झपाट्याने वाढतो. जोरदार वारा असल्यास त्याहून कमी हिमही पुरते. एकूण हिमापेक्षा ते किती वेळात पडले, हे महत्त्वाचे असते. सावकाश वाढणाऱ्या भाराशी हिमाचे थर जुळवून घेऊ शकतात. एकाएकी आलेल्या भाराशी त्यांना जुळवून घेता येत नाही. हिमवादळानंतरचा पहिला निरभ्र दिवस यामुळेच अपघातांच्या दृष्टीने विशेष घातक ठरतो. आकाश स्वच्छ, दृश्य मोहक व चालणारे उत्सुक असतात. परंतु थर अद्याप स्थिरावलेले नसतात.

वारा : वाताभिमुख बाजूचे हिम उचलून वारा ते वातविन्मुख बाजूस रचतो. आकाशातून हिम पडत नसतानाही काही तासांत वातविन्मुख उतारावर जाड व ताठ पट्टा तयार होऊ शकतो. कड्याच्या धारेवर बाहेर झुकलेले हिमाचे छज्जे दिसले, तर त्यांच्या खालच्या बाजूस असा भरणा झाला आहे, असे समजावे. छज्जा अपेक्षेपेक्षा बराच मागून तुटतो. म्हणून धारेवरून चालताना काठापासून पुरेसे आत राहावे लागते.

तापमान व ऊन : जलद तापमानवाढ, हिमावर पडणारा पाऊस व प्रखर ऊन यांमुळे थरांचे बंध सैल होतात. उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतार वसंतात दुपारी ओल्या लोटांना अनुकूल असतात. उत्तराभिमुख उतारांवर ऊन कमी पोचते. तेथे थंडी टिकून दुर्बल थरही दीर्घकाळ टिकतात. रात्री गोठलेले हिम पहाटे कठीण असते व दिवस चढताच मऊ पडते. यास्तव वसंतातील चढाई पहाटेपूर्वी सुरू करून दुपारपूर्वी सुरक्षित जागी परतण्याची पद्धत आहे.

चालना : पट्ट्याखालील दुर्बल थर एखाद्या बिंदूशी मोडला म्हणजे तो भंग थरातून वेगाने पसरत जातो व पट्ट्याचा आधार नाहीसा होतो. मोठ्या आवाजाने वा हाकेने हिमलोट सुटतो, ही समजूत रूढ असली, तरी मानवी आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. एका माणसाचा भार मात्र पुरेसा होतो. पायी चालणाऱ्याचा भार स्कीवरील माणसापेक्षा लहान क्षेत्रावर एकवटत असल्याने तो हिमात अधिक खोल पोचतो. पट्टा जेथे पातळ असतो तेथे, म्हणजे खडकांच्या भोवती वा उताराच्या कडेला, दुर्बल थरापर्यंत भार सहज पोचतो. त्यामुळे पहिले पाच जण बिनधोक गेलेल्या वाटेवरून सहावा जाताना लोट सुटल्याची उदाहरणे आहेत. इतरांच्या पाऊलखुणा हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

हिमालयातील स्थिती : पश्चिम हिमालयात मुख्य हिमवृष्टी डिसेंबर ते एप्रिल या काळात पश्चिमी विक्षोभांमुळे होते. पीर पंजाल रांगेत हिमवृष्टी विपुल व तापमान तुलनेने सौम्य असते; तेथे हिमवादळाच्या काळात व लगेच नंतर लोट येतात, पण थर लवकर स्थिरावतात. काराकोरममध्ये थंडी तीव्र व हिम कोरडे असल्याने दुर्बल थर दीर्घकाळ टिकतात. या दोहोंच्या मधील बृहद् हिमालयाच्या रांगांत दोन्ही प्रकारची लक्षणे आढळतात. नेपाळ व सिक्कीम यांच्या उंच भागांत पावसाळ्यातही हिमवृष्टी होते. त्यामुळे शरद ऋतूतील मोहिमांना ताज्या हिमाचा धोका असतो.

फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमधील वालटेंगू येथे हिमलोटाने दीडशेहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचिनजवळील गायारी येथे पाकिस्तानी सैन्याच्या तळावरील १४० जण हिमलोटाखाली गाडले गेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवरील सोनम ठाण्यावरील १० भारतीय सैनिक गाडले गेले. त्यांपैकी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले; परंतु ११ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा–२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत प्रशिक्षणवर्गातील तुकडी हिमलोटात सापडली व तीतील २७ जणांचे मृतदेह हाती आले. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या मार्गावर ७ पर्यटक दगावले. प्रशिक्षित गिर्यारोहक व रस्त्यालगत आलेले पर्यटक या दोहोंचाही या यादीत समावेश आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्यांचा व गिर्यारोहकांचा सराव बहुधा सह्याद्रीत झालेला असतो. सह्याद्रीच्या खडकाळ वाटा वर्षानुवर्षे जवळजवळ तशाच राहतात. एकदा ओळखीची झालेली वाट पुढेही उपयोगी पडते. हिमाचा उतार मात्र एका रात्रीत बदलतो. गेल्या वर्षी, किंबहुना काल, सुरक्षित असलेला उतार आज तसा असेलच असे नाही. दम, तोल व दोर हाताळण्याचे कसब ही सह्याद्रीची देणगी हिमालयातही उपयोगी पडते. हिमाची पारख मात्र वेगळी शिकावी लागते.

धोक्याची चिन्हे व परीक्षण : निसर्ग काही इशारे स्पष्टपणे देतो. (१) आसपासच्या सारख्याच उंचीच्या व दिशेच्या उतारांवर नुकतेच सुटलेले लोट, (२) पाऊल टाकताच हिम खाली बसल्याचा ‘धप्प’ असा दबका आवाज, (३) पावलापासून हिमात पसरत जाणाऱ्या भेगा, (४) मोठी ताजी हिमवृष्टी वा वाऱ्याने झालेला भरणा आणि (५) एकाएकी झालेली तापमानवाढ ही त्यांतील प्रमुख होत. दबका आवाज म्हणजे दुर्बल थर प्रत्यक्ष मोडल्याची खूण असते. तो ऐकू आल्यास तीव्र उतारांपासून त्वरित दूर जावे. जमिनीवरील खुणाही उपयुक्त असतात. जंगलातून उतरणारा झाडे नसलेला पट्टा, एकाच बाजूच्या फांद्या तुटलेले वृक्ष व नाळेच्या पायथ्याशी साठलेला हिमाचा कठीण ढीग यांवरून लोटाचा नेहमीचा मार्ग ओळखता येतो.

थरांची पाहणी करण्यासाठी सुरक्षित, पण त्याच दिशेच्या व तशाच चढाच्या जागी हिमात खड्डा खणून त्याची उभी भिंत तपासतात. थराचा कठीणपणा मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल व चाकू यांपैकी काय आत जाते, यावरून ठरवितात. कठीण थराखाली मूठ सहज शिरेल असा मऊ थर सापडल्यास तो संशयास्पद मानतात. दाब चाचणीत ३० सेंमी. लांबी-रुंदीचा हिमाचा स्तंभ मोकळा करून त्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि मनगट, कोपर व खांदा यांपासून क्रमाने दहा-दहा थापा मारतात. कितव्या थापेला व कोणत्या थरावर स्तंभ मोडतो, याची नोंद घेतात. दुसऱ्या एका चाचणीत ९० सेंमी. रुंदीचा स्तंभ घेऊन त्याच्या एका टोकावर थापा मारतात व भंग दुसऱ्या टोकापर्यंत पसरतो काय, हे पाहतात. या चाचण्यांची मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. थरांची स्थिती काही मीटरांवर बदलते; म्हणून चाचणीतील वाईट निष्कर्षावर विश्वास ठेवावा, पण केवळ चांगल्या निष्कर्षाच्या आधारे तीव्र उतारावर जाऊ नये.

धोक्याची श्रेणी व अंदाज : हिमाचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये डाव्होसजवळील वाइसफ्लूयोख येथे १९३६ मध्ये सुरू झाला. १९५०–५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये हिमलोटांनी अडीचशेहून अधिक बळी घेतले व त्यानंतर अंदाज आणि संरक्षण यांच्या कामास वेग आला. यूरोपात १९९३ मध्ये धोक्याची समाईक पंचस्तरीय श्रेणी स्वीकारण्यात आली : १ अल्प, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ उच्च व ५ अत्युच्च. क्रमांक ३ हा श्रेणीचा मध्य असल्याने तो मध्यम धोका दर्शवितो, असा गैरसमज होतो. वस्तुतः एका पायरीवरून दुसरीवर जाताना धोका समप्रमाणात न वाढता अनेक पटींनी वाढतो. पर्वतसंचार करणाऱ्यांचे पुष्कळ मृत्यू क्रमांक ३ च्या दिवशी होतात. कारण त्या दिवशी नैसर्गिक लोट फारसे दिसत नाहीत, पण एका माणसाच्या भाराने लोट सुटण्याची शक्यता असते.

भारतात हिम व हिमलोट यांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी एकत्र करून चंडीगढ येथे संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था स्थापन करण्यात आली. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील हिमलोटांविषयीचे इशारे हिवाळ्यात तिच्याकडून दिले जातात. असा इशारा विस्तृत प्रदेशाला उद्देशून असतो. विशिष्ट उताराचा निर्णय प्रवाशालाच करावा लागतो.

मार्गनिवड : स्विस मार्गदर्शक व्हेर्नर मुंटर यांनी धोक्याची श्रेणी व उताराचा कोन यांची सांगड घालणारा सोपा नियम रूढ केला. त्यानुसार क्रमांक २ च्या दिवशी ४०° पेक्षा, ३ च्या दिवशी ३५° पेक्षा व ४ च्या दिवशी ३०° पेक्षा तीव्र उतार टाळावेत. क्रमांक ५ च्या दिवशी असा प्रवासच करू नये. मार्ग शक्यतो रुंद धारांवरून, दाट जंगलातून किंवा दरीच्या मध्यातून, बाजूच्या उतारांपासून दूर असा आखावा. नाळा व खोलगट भाग टाळावेत; तेथे लहान लोटाचेही हिम खोल साठते. संशयास्पद उतार ओलांडणे अपरिहार्य असल्यास एका वेळी एकानेच जावे, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी व मध्ये विश्रांतीसाठी थांबू नये. तंबू लोटाच्या मार्गात वा त्याच्या अखेरच्या टप्प्यात कदापि उभारू नये.

मानवी घटक : अनेक अपघातांत धोक्याची चिन्हे उघड दिसत असूनही त्यांकडे दुर्लक्ष झाल्याचे आढळते. अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी अपघातांच्या नोंदींचा अभ्यास करून अशा निर्णयांमागील मनोव्यापार वर्गीकृत केले. परिचित उताराविषयी वाटणारा विश्वास, ठरविलेले उद्दिष्ट सोडण्याची अनिच्छा, सोबत्यांच्या नजरेत कमी न पडण्याची इच्छा, नेत्याच्या अनुभवावर डोळे झाकून विसंबणे, दुसरे लोक जात आहेत म्हणून जाणे व संधी पुन्हा मिळणार नाही ही भावना, हे ते होत. ठराविक दिवसांची रजा व आगाऊ भरलेले शुल्क यांमुळे दूरवरून आलेल्या प्रवाशांवर यांपैकी शेवटच्या भावनेचा दाब विशेष असतो. तुकडीतील सर्वांत नवख्या सदस्यानेही शंका मांडल्यास मागे फिरावे, असा संकेत अनेक अनुभवी पथकांत पाळला जातो.

बचाव : हिमलोटात सापडलेल्या व्यक्तीने शक्य तितक्या लवकर लोटाच्या कडेकडे सरकण्याचा प्रयत्न करावा व वेग ओसरू लागताच तोंडापुढे हात धरून श्वासासाठी पोकळी राखावी. हिम थांबताच घट्ट होते व पुरलेल्या माणसास बोटही हलविता येत नाही. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात, सु. एक-चतुर्थांश मृत्यू खडक वा झाडे यांवर आपटून होतात. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सु. ९० टक्के लोक वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण सु. एक-तृतीयांशावर येते. त्यापुढे जगण्यास तोंडाजवळील हवेची पोकळी आवश्यक असते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा गावाजवळ सीमा मार्गांचे काम करणारे ५४ कामगार हिमलोटात सापडले. त्यांपैकी ४६ जण वाचले, ते बव्हंशी ते राहत असलेल्या पत्र्याच्या पेट्यांसारख्या निवाऱ्यांत हवा टिकून राहिल्यामुळे.

दूरच्या बचावपथकास इतक्या थोड्या वेळात पोचणे अशक्य असते; म्हणून प्राण वाचविणे सोबत्यांच्याच हाती असते. त्यासाठी प्रत्येकाजवळ तीन साधने असावी लागतात : ४५७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर संदेश सोडणारे व ग्रहण करणारे शोधयंत्र, जोडून लांब होणारी शोधकाठी व धातूचे फावडे. व्यक्ती शेवटची दिसली ती जागा लक्षात ठेवून तिच्या खालच्या भागात शोध सुरू करतात. सर्व सोबती आपली यंत्रे ग्रहणस्थितीत आणतात व संदेशाच्या तीव्रतेवरून जागा निश्चित करतात. काठीने खोली समजल्यावर त्या काठीच्या थोडे खालच्या बाजूने आडवे खणत आत शिरतात. प्रथम चेहरा व छाती मोकळी करून श्वासमार्गातील हिम काढतात. ही कृती सरावाशिवाय साधत नाही. दहा मिनिटांत हे सारे उरकावयाचे असल्याने यंत्र खरेदी करणे पुरेसे नसते. एखाद्या तुकडीकडे यंत्रे नसल्यास तिने तीव्र हिमउतारांवर जाणे टाळावे, हेच श्रेयस्कर होय.

नियंत्रण : वस्त्या व रस्ते यांच्या रक्षणासाठी उगमक्षेत्रात पोलादी कुंपणे उभारून हिम जागीच अडवितात, रस्त्यावर छत बांधून लोट वरून जाऊ देतात, मातीचे बांध घालून त्याची दिशा वळवितात किंवा वाहतूक थांबवून स्फोटकांनी लहान लोट मुद्दाम सोडवितात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला रोहतांग खिंडीखालील ९·०२ किमी. लांबीचा अटल बोगदा हा हिमवृष्टी व हिमलोट यांनी बंद पडणाऱ्या मार्गास पर्याय म्हणून बांधण्यात आला. जंगले हे सर्वांत जुने व स्वस्त संरक्षण होय. आल्प्समधील काही दऱ्यांत गावाच्या वरचे जंगल तोडण्यास मध्ययुगापासून बंदी आहे. मोकळ्या पर्वतात मात्र अशी कोणतीही योजना नसते. तेथे उताराचा कोन, हिमाची स्थिती व वेळीच मागे फिरण्याचा निर्णय हीच प्रवाशाची संरक्षक साधने होत.